‘आपल्या भाषेत’ म्हणजे कुणाच्या? दिघा ते तुर्भे पट्ट्यातल्या एका प्रश्नावलीचं प्रकरण

विधान क्रमांक ७ असं होतं: ‘शिक्षक आपल्या भाषेत बोलतात.’ समोर पाच चौकटी: पूर्णपणे सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णपणे असहमत. सहावीच्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांनी पहिल्या दोन चौकटींत खूण केली. तक्त्यात पाहिलं तर आठ विधानांतलं हेच सगळ्यात नीट चाललेलं दिसत होतं. प्रत्यक्षात सगळ्यात बिघडलेलं तेच होतं.

हे प्रकरण एखाद्या ठरावीक शाळेचं नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या महापालिका शाळांत ‘मुलाला वर्ग आपला वाटतो का’ असा अभ्यास करायला गेलं की ज्या अडचणी येतात, त्या इथे एका वर्गात आणि एका प्रश्नावलीत एकत्र बांधल्या आहेत. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. हिशेब मात्र खरा आहे, कागद-पेन घेऊन करून पाहता येईल.

आधी वर्ग कसा आहे ते पाहू. १९७० मध्ये सिडको आली, १९९२ मध्ये नवी मुंबई महापालिका. त्याआधीपासून घणसोली, गोठिवली, तळवली ही आगरी-कोळ्यांची गावं इथे आहेत. बाजार समितीत माथाडी काम करायला साताऱ्याकडची माणसं आली, डोंगरातल्या खडीच्या खाणींवर लमाण तांड्यांवरची कुटुंबं आली, एमआयडीसीच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश-बिहारची. महापालिका मराठी, हिंदी, उर्दू अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळा चालवते. तरी घरी भोजपुरी बोलणारं मूल मराठी माध्यमात बसलेलं इथे सहज दिसतं, कारण घराजवळची शाळा तीच असते. म्हणजे एका बाकावर दोन मुलं आणि घरच्या भाषा दोन, कधी तीन.

एम.एड.च्या विद्यार्थिनीने इंग्रजीतून आठ विधानं घेतली. एकाने मराठी केली, दुसऱ्याने मूळ न बघता ती परत इंग्रजीत नेली. दोन्ही इंग्रजी पाठ जुळले, गाईडने सही केली. ही उलट भाषांतराची पद्धत रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या १९७० च्या लेखानंतर सगळीकडे रुळली, आणि आपल्याकडच्या प्रबंधांत ‘उपकरणाचं अनुकूलन’ या मथळ्याखाली बहुतेक वेळा तेवढंच लिहिलेलं असतं. विधान ७ या चाळणीतून अगदी सुखरूप निघतं. मूळ इंग्रजी ‘आमच्या’ अर्थाचं, मराठी ‘आपल्या’, परत इंग्रजी ‘आमच्या’. जुळलं! उलट भाषांतर करणारा प्रौढ माणूस चार अर्थांतला सगळ्यात समंजस अर्थ उचलतो आणि पुढे जातो. अकरा वर्षांचं मूल कुठला उचलेल, हे त्यातून कळायला मार्गच नसतो.

पायलट, म्हणजे छोटी चाचणी फेरी, घेतली. आठपैकी तीन विधानं उलट अर्थाची होती, सरसकट ‘सहमत’वर टिक करत जाणारं मूल ओळखू यावं म्हणून. अल्फा, म्हणजे सगळी विधानं मिळून एकच गोष्ट मोजतात का हे सांगणारा आकडा, ०.५६ आला; तो ०.७ च्या आसपास असला की बरा मानतात. तीन उलट विधानं काढली तर ०.६८ होतो असं सॉफ्टवेअरने दाखवलं. ‘काढून टाक, ०.७ च्या जवळ जातंय’ असा सल्ला मिळाला. असा सल्ला मिळतोच, आणि आमच्या मते इथेच अभ्यास हातचा जातो.

तो ०.५६ काय सांगतो ते नीट पाहण्यासारखं आहे. क्रॉनबाखचा अल्फा (ली क्रॉनबाख, १९५१) सोप्या रूपात असा: विधानांची संख्या गुणिले विधानांमधला सरासरी सहसंबंध (दोन विधानांची उत्तरं किती जोडीने चालतात तो आकडा), आणि त्याला भागायचं १ अधिक (संख्या वजा १) गुणिले तोच सहसंबंध याने. विधानं आठ आहेत आणि मुलांना सगळी नीट कळली तर कुठल्याही दोघांत ०.३ सहसंबंध आहे असं धरू. ८ × ०.३ = २.४, १ + ७ × ०.३ = ३.१, अल्फा ०.७७. आता आठ विधानांच्या जोड्या होतात २८. पाच सरळ विधानांच्या आपसात १०, तीन उलट विधानांच्या आपसात ३, आणि सरळ-उलट अशा मिश्र १५. उलट विधानांचे गुण फिरवायचे (म्हणजे तिथलं ‘पूर्णपणे असहमत’ हे ‘पूर्णपणे सहमत’ धरून मोजायचं) राहून गेले, तर या १५ जोड्या उणे ०.३ होतात, सरासरी उणे ०.०२१ वर येते आणि अल्फा उणे ०.२० निघतो. अल्फा उणे दिसला की आधी गुण फिरवले का ते बघायचं, दुसरं काही शोधत बसायचं नाही.

गुण नीट फिरवले आहेत, पण उलट विधानं काही मुलांनी सरळ आणि काहींनी उलटी वाचली, तर मिश्र १५ जोड्यांचा सहसंबंध शून्याकडे जातो. सरासरी ३.९ ÷ २८ = ०.१३९. अल्फा ०.५६. मुलं तीच, त्यांच्या मनातलं तेच, बिघडलं फक्त वाचन. तीन विधानं काढली की उरलेल्या पाचांचा अल्फा १.५ ÷ २.२ = ०.६८. आकडा वाढला खरा, पण कुठलंच मूल नीट वाचायला लागलं नाही, आणि डोळे झाकून टिक करणारं मूल ओळखायची सोयही गेली.

म्हणून विधानं काढायच्या आधी मुलांना विचारायचं. पद्धत साधी आहे. बारा मुलं, घरच्या प्रत्येक भाषागटातून निदान दोन, प्रत्येकी वीस मिनिटं. जागा वाचनालयाची किंवा व्हरांड्याची, दार उघडं, कुणीतरी नजरेच्या टप्प्यात, पण वर्गशिक्षिका ऐकू येईल इतक्या जवळ नकोत. ‘समजलं का?’ हा प्रश्न वर्ज्य, त्याला मूल ‘हो’ म्हणतंच. विचारायचं ते असं: ‘हे तुझ्या मित्राला सांगायचं तर कसं सांगशील?’, ‘वाचताना कोण डोळ्यांसमोर आलं?’, ‘मग हीच चौकट का?’ ओळखीसाठी पहिली पाच मिनिटं डब्यात काय आणलंय यावर गेली तरी चालतील.

विधान ७ वर चार उत्तरं येतात. एक मूल म्हणतं, ‘सर मराठीच बोलतात ना, त्यांच्या भाषेत.’ मराठीत ‘आपला’ कर्त्याकडे वळतो: ‘राम आपल्या घरी गेला’ म्हणजे रामच्या घरी. या मुलाने विधान वस्तुस्थिती म्हणून वाचलं आणि ‘पूर्णपणे सहमत’ केलं. दुसरं म्हणतं, ‘आपल्या म्हणजे आपल्या वर्गाच्या.’ हाच अर्थ अभ्यासाला हवा होता. तिसरं, घरी हिंदी-भोजपुरी बोलणारं, प्रश्न विचारणाऱ्या बाईंकडे बोट करतं: ‘आपल्या म्हणजे तुमच्या, मॅडम.’ त्याच्या कानाला ‘आपल्या’त ‘आप’ ऐकू येतो. चौथं मूल गावातलं आगरी. ते थबकतं, आवाज खाली आणतं: ‘घरची? ती शालेन नाय बोलत.’ आणि तरीही त्याची खूण ‘सहमत’वरच आहे, कारण सरांबद्दल वाईट लिहायचं नसतं.

यातलं मूळ मराठीच्या रचनेतच आहे. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’, त्याला वगळून ‘आम्ही’. इंग्रजीला हा भेद नाही, म्हणून इंग्रजी पाठ कितीही वेळा तपासला तरी दोष दिसणार नाही. त्यात छापील कागदाला बोलणाराच नसतो. ‘आपण’ म्हणणारं कोण आणि त्यात कोण धरलं, हे मुलाने स्वतःच ठरवायचं. ज्या अभ्यासाचा विषयच ‘आपल्यात कोण’ हा आहे, त्यात ‘आपला’ शब्द विधानात वापरणं म्हणजे मोजपट्टी रबराची करणं. आठही विधानांतून ‘आपला’, ‘आपण’, ‘आपुलकी’ सगळं काढावं असं आमचं स्पष्ट मत आहे. मथळ्यातून आणि सूचनेतूनसुद्धा. ‘आपल्या शाळेविषयी काही प्रश्न’ ही ओळ तेवढीच नडते.

आता उलट विधानं. ‘मला वर्गात कुणी विचारत नाही.’ इंग्रजीत नकार वाक्याच्या मध्ये येतो, मराठीत अगदी शेवटी. मुलाच्या डोळ्यात शेवटचा शब्द ‘नाही’ राहतो आणि लगेच समोर चौकटी, त्यातही ‘असहमत’. ज्याला वर्गात कुणी विचारत नाही ते मूल वाक्याशी सूर जुळवत ‘नाही’कडे जातं, म्हणजे ‘असहमत’, म्हणजे गुणांच्या हिशेबात सगळ्यांत सामील. बोलतानाही हेच होतं. ‘तुला एकटं वाटत नाही ना?’ याला ‘हो’ म्हणणाऱ्या दोन मुलांचे अर्थ एकमेकांविरुद्ध असू शकतात, आणि आपण ते चेहऱ्यावरून ओळखतो. कागदाला चेहरा नाही. उपाय: उलटं करायचं तर अर्थ उलटा करायचा, व्याकरण नाही. ‘मला वर्गात एकटं वाटतं.’ विधानात एकही ‘नाही’, ‘नको’, ‘शिवाय’ ठेवायचा नाही.

‘तटस्थ’ बाराही मुलांना अडला. काहींनी तो ‘माहीत नाही’ म्हणून वापरला, काहींनी ‘मला सांगायचं नाही’ म्हणून. पाच चौकटींऐवजी चार ग्लासांची चित्रं ठेवली: रिकामा, थोडं पाणी, बरंच पाणी, काठोकाठ. हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांपेक्षा ग्लास बरे. ‘मला एकटं वाटतं’ याच्यासमोर हसरा चेहरा असला की पोरं बुचकळ्यात पडतात. सुरुवातीला सरावाची दोन विधानं: ‘मला वडापाव आवडतो’ आणि ‘मला भर उन्हात डांबरी रस्त्यावर अनवाणी चालायला आवडतं.’ दुसऱ्यावर काठोकाठ ग्लास निवडला तर त्या मुलासोबत थांबून पुन्हा समजवायचं, पुढे ढकलायचं नाही.

पहिल्या मसुद्यात ‘मी गटात बोलतो/बोलते’ अशी विधानं होती. तिरकी रेघ सहावीच्या वाचनाला अडथळा करते, आणि नुसतं ‘बोलतो’ ठेवलं तर अर्ध्या वर्गाला ते दुसऱ्या कुणाबद्दल वाटतं. मराठीत यातून सुटायची सुंदर वाट आहे: ‘मला’ची वाक्यं. मला येतं, मला आवडतं, मला भीती वाटते, मला गटात घेतात. क्रियापद मुलगा-मुलगी बघत नाही. आठही विधानं या साच्यात बसली.

‘वर्गात भेदभाव होतो’ यातला ‘भेदभाव’ मुलांसाठी नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला शब्द आहे. तो दुसऱ्या कुठल्यातरी काळात आणि दुसऱ्या लोकांना होतो. मुलं स्वतः म्हणतात ‘पार्शॅलिटी’. प्रबंधात हा शब्द लिहायला संकोच वाटत असेल तर त्याचं वागणं लिहावं: ‘गट पाडताना मला शेवटी घेतात.’

ओळखीच्या भागात ‘घरी कोणती भाषा बोलता?’ असा प्रश्न होता. बहुतेकांनी ‘मराठी’ लिहिलं. मुलं खोटं बोलली नव्हती. मराठी शाळेच्या कागदावर भाषेच्या रकान्यात काय शोभतं ते त्यांना ठाऊक आहे, आणि आगरीला ‘भाषा’ म्हणायचं असतं हे त्यांना कुणी कधी सांगितलेलं नाही. प्रश्न फोडला: आजीशी कशात बोलतेस? भांडताना? दुकानातून सामान आणताना? आई फोनवर गावी बोलते ते कसं? मग उत्तरं येतात, आणि ती मुलाच्याच शब्दात लिहायची. गोरमाटीला, म्हणजे लमाण-बंजारांच्या बोलीला, ‘हिंदी’च्या रकान्यात टाकायचं नाही. जनगणनेच्या तक्त्यांत लंबाडी-बंजारी आणि भोजपुरी दोन्ही हिंदीखाली मोजल्या जातात, आणि तोच कोड उचलला तर तांड्यावरचं मूल आणि बिहारचं मूल आपल्या विश्लेषणात एक होऊन बसतात.

संमतीबद्दल थोडक्यात, पण हा भाग टाळू नये. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबर मुलाचा होकारही लागतो: ७ ते १२ वर्षांपर्यंत तोंडी, त्यापुढे १८ पर्यंत लेखी. सहावीचा वर्ग नेमका या रेषेवर बसतो, म्हणून एकाच वर्गासाठी दोन्ही कागद तयार ठेवावे लागतात. ‘उत्तर न आल्यास संमती समजू’ अशी ओळ पालकांच्या पत्रात नको. पत्र शाळा सुटताना फाटकाशी वाचून दाखवावं, अंगठा असेल तर साक्षीदाराची सही घ्यावी, आणि शिफ्टमुळे जे येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी शनिवार ठेवावा. मूल ‘नको’ म्हणालं तर पालकांची सही असली तरी नको. सरल आयडी (राज्याच्या शालेय नोंद-प्रणालीतला विद्यार्थी क्रमांक), आधार, हजेरी क्रमांक यातलं काहीही उत्तरपत्रिकेवर येऊ द्यायचं नाही.

दुसऱ्या फेरीसाठी कागद सोडून टॅब घेतले, कोबो टूलबॉक्स या सर्वेक्षणाच्या सॉफ्टवेअरवर फॉर्म बांधला. ज्या मुलांचं वाचन कच्चं आहे त्यांना विधान हेडफोनवर ऐकता येतं, आणि शेजारच्याचं बघून लिहिणं कमी होतं. ध्वनिमुद्रण वर्गशिक्षिकेच्या आवाजात करायचं नाही. कानात बाईंचा आवाज असताना बाईंबद्दल कोण खरं सांगेल? विधानं, सराव आणि भाषेचे प्रश्न धरून ३५ मिनिटांचा एक तास पुरत नाही. जोडून दोन तास मागावेत.

टॅबने वेगळी डोकेदुखी आणली. मोकळ्या उत्तरांची वारंवारिता काढताना ‘दुसऱ्या’ हा शब्द तक्त्यात दोनदा आला, दिसायला हुबेहूब. एका कीबोर्डने रफाराऐवजीचा ‘ऱ’ स्वतंत्र अक्षर म्हणून लिहिला, दुसऱ्याने ‘र’, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह असे तीन संकेत मिळून. ‘ॲ’चंही तेच: कुठे एकच अक्षर, कुठे ‘अ’वर वेगळा चंद्र. युनिकोडचं (संगणकात अक्षरं साठवायच्या संकेतपद्धतीचं) नेहमीचं सामान्यीकरण चालवून ही दोन रूपं एक होत नाहीत, कारण युनिकोडच्या लेखी ती समान नाहीतच. शोधा-आणि-बदलाची यादी हाताने करावी लागते, आणि ती विश्लेषणाच्या आधी, सगळ्यात पहिली. वय विचारणारा रकाना मजकुराचा ठेवला तर ‘११’ देवनागरीत येतो आणि सॉफ्टवेअर त्याला अक्षरं समजून सरासरीतून वगळतं; रकाना अंकांचाच ठेवावा. फाइल एक्सेलमध्ये थेट उघडून देवनागरीच्या जागी खुणांची रांग दिसली तर घाबरायचं नाही, सेव्हही करायचं नाही. ‘डेटा’ मेनूतून आयात करून यूटीएफ-८ निवडायचं. सेव्ह केलं की मूळ मजकूर जातो.

किती मुलं घ्यायची याचा एक हिशेब लक्षात ठेवावा. एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी उत्तरं देतात. वर्गात ३५ मुलं आणि त्यांच्यातलं साम्य ०.०५ धरलं, तरी १ + ३४ × ०.०५ = २.७. म्हणजे आठ वर्गांतली २८० मुलं ही सुट्या निवडलेल्या सुमारे १०४ मुलांइतकीच माहिती देतात. मराठी आणि हिंदी माध्यमाच्या सरासऱ्यांची तुलना करायचा मोह या आकारात आवरावा. दोन्हीकडे विधानांचा अर्थ आणि मोजमाप सारखं आहे हे आधी दाखवावं लागतं, आणि ते दाखवायला इतकी मुलं पुरत नाहीत.

विधान ७ दोन विधानांत फुटलं. ‘बाई शिकवतात ते मला समजतं’ आणि ‘मला वर्गात घरची भाषा बोलायची भीती वाटते.’ पहिलं भाषा कळण्याचं, दुसरं आपलेपणाचं. मूळ विधानात दोन्हींची गाठ बसली होती. तांड्यावरच्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट केली. बंजारा समाजात स्वतःच्या लोकांना ‘गोर’ आणि बाहेरच्यांना ‘कोर’ म्हणतात, म्हणजे आत-बाहेरची त्यांची रेघ त्यांच्याच भाषेत आणि वेगळ्याच जागी ओढलेली आहे. तिला पुरा पडेल असा मराठी शब्द शोधत बसण्यापेक्षा एक साधा प्रश्न जोडला: ‘काल मधल्या सुट्टीत कुणाकुणाबरोबर खाल्लंस?’ नावं नाहीत, फक्त किती जण, आणि त्यातले किती घरच्या भाषेत बोलतात.

मग नवी सहा मुलं, पुन्हा वीस-वीस मिनिटं. ‘घरची भाषा’ पाशी एक मुलगी अडली: ‘आईची का पप्पांची?’ आई साताऱ्याकडची, वडील गावातले. हा दोष टॅबवर सोडवता आला. ‘आईशी कशात बोलतेस’ याला मुलाने दिलेलं नाव फॉर्म पुढच्या विधानात स्वतः भरतो. त्यात मराठीची एक मेख आहे: ‘आगरीत बोलायला’ असं ठेवलं तर नावाला प्रत्यय लावावा लागतो, आणि फॉर्मला तो प्रत्येक नावाला नीट लावता येत नाही. ‘बोलायची’ ठेवलं की नाव जसंच्या तसं बसतं. शेवटी ठरलेलं विधान असं आहे: ‘मला वर्गात आगरी बोलायची भीती वाटते.’ पुढच्या टॅबवर त्याच जागी ‘भोजपुरी’, त्याच्या पुढच्यावर ‘गोरमाटी’.